लग्नाचा गाऊन घेताय? आधी कमरेची शिवण बघा

मी एकूण चौदा गाऊन घालून बघितले. घेतला तो तिसरा. पण तो तिसरा का बरा दिसत होता हे कळायला पुढचे अकरा घालावे लागले, आणि त्यात दोन महिने, एका मैत्रिणीशी अबोला आणि बरीच झोप गेली. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

सुरुवात मीही सगळ्यांसारखीच केली होती. आपला बांधा सफरचंद की पेअर, चौकोनी की डमरूसारखा, आणि त्या त्या बांध्याला कुठला गाऊन, असे तक्ते पाठ केले. आरशासमोर उभं राहून स्वतःला फळ ठरवायचा प्रयत्न केला. सकाळी मी पेअर होते, रात्री जेवल्यावर सफरचंद. तक्ते अगदीच खोटे नसतात, पण त्यातून दुकानात काही ठरत नाही. माझ्या तिसऱ्या आणि नवव्या गाऊनचा आकार एकच होता, कापड जवळजवळ सारखं, गळाही तोच. तरी एकात मी उंच दिसत होते आणि दुसऱ्यात बुटकी. शेवटी एका शिवणकाम करणाऱ्या काकूंनी टेप लावून दाखवलं: नवव्या गाऊनची कमरेची शिवण माझ्या कमरेच्या दीड इंच खाली बसत होती. बस, एवढाच फरक.

आधी एवढं जमवून ठेवा

- कापडी मोजपट्टी. लोखंडी टेप नको, ती अंगाला वळत नाही.
- दोन मीटर काळी रिबीन, बोटभर रुंद. हिचं काम चौथ्या पायरीत.
- त्वचेच्या रंगाची, शिवण न दिसणारी अंतर्वस्त्रं आणि नीट बसणारी स्ट्रॅपलेस ब्रा.
- लग्नात घालणार असाल तितक्याच उंचीच्या टाचेचे बूट किंवा सँडल. तेच हवेत असं नाही, उंची तीच हवी.
- केस वर बांधायला रबर.
- वही. त्यात लग्नाची तारीख, समारंभ उघड्यावर आहे की आत, उन्हाळा की थंडी, आणि खर्चाची मर्यादा. मर्यादेत फिटिंगचा खर्च धरूनच आकडा लिहा. गाऊनच्या किमतीत तो बहुतेक वेळा नसतो.

१. मापं घ्या, आणि ती दुसऱ्याकडून घ्या

स्वतःचं माप स्वतः घेताना आपण वाकतो आणि श्वास आत ओढतो. दोन्हीमुळे आकडा खोटा येतो. कोणालातरी घ्यायला सांगा आणि त्या वेळी सरळ समोर बघत नेहमीसारखा श्वास घेत राहा.

छाती सर्वांत भरीव जागी, छातीखालचा घेर, कंबर, नितंब सर्वांत रुंद जागी. हे चार घेर. शिवाय दोन उंच्या: खांद्यापासून कमरेपर्यंत, आणि गळ्याच्या खळग्यापासून जमिनीपर्यंत, टाचेचे बूट घालून. खांद्यापासून कमरेपर्यंतचं माप बहुतेक जणी घेतच नाहीत आणि सगळा घोळ तिथेच होतो.

कंबर म्हणजे जीन्स बसते ती जागा नव्हे. एका बाजूला झुका. जिथे घडी पडते ती तुमची कंबर. नाही सापडली तर पोटाभोवती नाडी बांधा आणि पाच मिनिटं घरात फिरा. नाडी आपोआप सरकत सर्वांत अरुंद जागी जाऊन बसते. नितंबांची रुंद जागा साधारण तिच्या सात ते नऊ इंच खाली असते.

आता साइझचा धक्का. लग्नाच्या गाऊनचे साइझ रोजच्या कपड्यांपेक्षा वेगळे चालतात. बऱ्याचदा एक-दोन साइझ मोठा आकडा निघतो. त्यात प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. तो आकडा कोणाला दिसत नाही, लेबल आतच असतं. माझ्या चुलतबहिणीनं मात्र तो मनाला लावून घेतला, "लग्नापर्यंत पाच किलो कमी करते" म्हणत एक साइझ लहान मागवला, आणि शेवटचे तीन आठवडे चेन लागते का नाही या काळजीत काढले. चेन लागली नाही. पाठीला दोऱ्या ओवून वेळ मारून नेली.

नियम सोपा आहे: तुमच्या मापांपैकी जे सर्वांत मोठ्या साइझमध्ये बसतं, तो साइझ घ्या. आत घेणं सोपं. बाहेर सोडायला शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, लागते, आणि तयार गाऊनला ती बेताचीच असते.

२. फळं ठरवू नका, तीन प्रश्नांची उत्तरं लिहा

अंगाला चिकटून बसणाऱ्या साध्या कपड्यात समोरून आणि बाजूनं फोटो काढून घ्या. फोन छातीच्या उंचीवर धरायला सांगा. वरून काढला की पाय आखूड दिसतात. मग वहीत लिहा.

पहिला प्रश्न: खांदे रुंद की नितंब, की दोन्ही सारखे? दुसरा: धड लांब आहे की पाय? तिसरा, आणि हा तक्त्यात कधीच नसतो: मला स्वतःचं काय आवडतं? मान, पाठ, दंड, कंबर, काहीही. माझं उत्तर "मानेखालची हाडं" असं होतं. आईला ते विचित्र वाटलं, पण पुढे गळा निवडताना तेच कामाला आलं.

यामागचं तत्त्व शिंप्याच्या दुकानात मूलही शिकतं. नजर कडेकडे जाते आणि चमकेकडे जाते. आडवी कड जिथे येईल तिथे रुंदी दिसते, उभी रेघ उंची दाखवते, चमकदार कापड तिथला भाग पुढे आणतं आणि मंद कापड मागे नेतं. काहीही "लपवायचं" म्हणून गाऊन शोधू नका. लपवायला जादा कापड घातलं की नजर नेमकी तिथेच जाते. जे आवडतं तिथे कड किंवा चमक आणा, बाकीचं शांत ठेवा.

३. आकार कुठला

दुकानात ऐकू येणारे शब्द आणि माझं मत:

*ए-लाइन.* कमरेपर्यंत अंगासरशी, खाली हळूहळू उघडत जाणारा. हा शब्द फ्रेंच डिझायनर ख्रिश्चन दिऑरच्या १९५५च्या कलेक्शनमुळे रूढ झाला. नितंब रुंद असतील तर तो त्यांवरून अलगद घसरतो, बांधा सरळसोट असेल तर खाली घेर देतो. जवळजवळ सगळ्यांना बरा दिसतो. कंटाळवाणा वाटला तरी पहिला हाच घालून बघा, म्हणजे बाकीच्यांची तुलना करायला काहीतरी राहील.

*बॉल गाऊन.* घट्ट चोळी आणि खाली प्रचंड घेर. खांदे रुंद असतील तर खालचा घेर तोल साधतो, कंबरही बारीक दिसते. उंची कमी असेल तर घाबरू नका, पण घेराचा फुगा कमी करायला सांगा. आतल्या जाळीचे थर काढता येतात.

*एम्पायर.* शिवण छातीच्या लगेच खाली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नेपोलियनच्या साम्राज्याच्या काळात, हा आकार फ्रान्समध्ये गाजला. नाव तिथून आलं. पोटावरून कापड सुटं पडतं आणि पाय लांब दिसतात. गरोदर असाल तर याच्याइतका आरामाचा दुसरा नाही. छाती भारी असेल तर मात्र सांभाळून: शिवण छातीच्या मध्यावर चढली की सगळाच तंबू होतो.

*मर्मेड आणि ट्रम्पेट.* दोन्ही नितंबांपर्यंत चिकटून आणि मग खाली उघडणारे. ट्रम्पेट मांडीच्या मध्यावर उघडतो, मर्मेड गुडघ्याजवळ किंवा त्याही खाली. चालताना हा चार-सहा इंचांचा फरक फार मोठा असतो. माझा पहिला जीव मर्मेडवर जडला होता. उभी होते तोवर राणी. खुर्चीवर बसले आणि चोळीतली हाडं (आत शिवलेल्या ताठ पट्ट्या) थेट बरगड्यांत घुसली. सहा-सात तास तसं बसायचं आहे हे तेव्हा कुठे लक्षात आलं.

*शीथ किंवा स्लिप.* सरळ खाली पडणारा. कापड उरेब, म्हणजे तिरकं, कापलेलं असेल तर ते अंगावर पाण्यासारखं वाहतं. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हियोनेनं १९२०-३०च्या दशकांत ही उरेब कापणी फॅशनमध्ये मानाला चढवली. सुंदर असतं, पण खालची प्रत्येक शिवण, प्रत्येक इलास्टिक त्यातून दिसतं. बारीक अंगकाठीलाच शोभतं असं म्हणतात ते मला पटत नाही. जाड उरेब क्रेपमध्ये भरलेल्या बांध्याच्या बायका मी अतिशय देखण्या पाहिल्यात. पातळ साटीनमध्ये मात्र कोणालाच सोपं नाही.

४. कमरेची शिवण: इथे वेळ घालवा

बाकी सगळं विसरलात तरी ही पायरी विसरू नका. गाऊनमध्ये सर्वांत ठळक आडवी रेघ कमरेच्या शिवणीची असते. ती तुमच्या धडाचे आणि पायांचे वाटे करते. ती एक-दीड इंच हलली की माणूस उंच, बुटका, रुंद, सडपातळ काहीही दिसू शकतो.

यासाठीच ती काळी रिबीन. घरी, कोणत्याही साध्या फिक्या ड्रेसवर, रिबीन चार ठिकाणी बांधून बघा आणि दर वेळी फोटो काढा. छातीच्या खाली. मग खऱ्या कमरेवर. मग कमरेच्या दोन इंच खाली. चौथ्या वेळी खऱ्या कमरेवर बांधून पुढचं टोक टाचणीनं बेंबीकडे ओढा, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ होईल. चारही फोटो ओळीनं लावा. मी हे बहिणीबरोबर रात्री साडेदहाला केलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोत दोन वेगळ्या बायका उभ्या होत्या म्हटलं तरी चालेल.

ढोबळमानानं असं दिसतं. धड आखूड आणि पाय लांब असतील तर खाली उतरवलेली कंबर धड लांब दाखवते. पाय आखूड असतील तर तीच कंबर घात करते. त्यांच्यासाठी खरी कंबर किंवा तिच्यापेक्षा इंचभर वर. पोटाचा घेर जास्त असेल तर सरळ आडवी रेघ टाळा आणि व्ही टोकाची शिवण बघा. तिला बास्क म्हणतात. मधोमध खाली उतरणारं टोक नजरेला उभं घेऊन जातं. बांधा सरळ असेल, कंबर फारशी आत जात नसेल, तर शिवणीवर पट्टा किंवा चुण्या घेतल्या की तिथे कंबर "तयार" होते. हॉलिवूडची नटी ग्रेस केली हिच्या १९५६च्या लग्नाच्या गाऊनला कमरेवर चुण्यांचा रुंद पट्टा होता. त्या फोटोंत नजर आधी कुठे जाते बघा.

सापळा इथेच आहे. दुकानातले नमुन्याचे गाऊन एका ठरावीक उंचीच्या बाईसाठी बेतलेले असतात. तुमचं धड त्याहून आखूड असेल तर शिवण खाली घसरते, आणि तुम्हाला वाटतं गाऊनच वाईट. खांदे चिमटीत धरून इंचभर वर उचलून बघा. उचलल्यावर चेहरामोहरा बदलला तर गाऊन चांगला आहे, फक्त धडाची उंची कमी करून मागवायचा. ऑर्डर देऊन शिवून घेताना बऱ्याच कंपन्या हे जादा पैसे घेऊन करतात. शिवून झाल्यावर कमरेची शिवण हलवणं म्हणजे गाऊन अर्धा उसवणं.

५. गळा आणि बाह्या

इथे "आवडतं काय" हे उत्तर वापरा. छाती भरीव असेल तर व्ही किंवा चौकोनी गळा. रुंद पट्टे आधारही देतात. छाती लहान असेल तर हृदयाच्या आकाराचा स्वीटहार्ट, किंवा उंच बंद गळाही छान दिसतो, भारी छातीला तोच जड वाटतो. खांदे अरुंद असतील तर ऑफ-शोल्डर किंवा बोट (होडीच्या आकाराच्या) गळ्याची आडवी कड त्यांना रुंदी देते. खांदे आधीच रुंद असतील तर ती कड नको, व्ही घ्या.

स्ट्रॅपलेसबद्दल एक गैरसमज जवळपास सगळ्यांचा असतो. तो छातीवर अडकून राहत नाही, कमरेवर उभा राहतो. चांगल्या गाऊनला आतून कमरेला एक वेगळा, न ताणणारा पट्टा असतो आणि त्याला हूक. आधी तो पट्टा लावायचा, मग चेन. माझ्या ट्रायलच्या वेळी मदतीला आलेल्या मुलीनं तो पट्टा लावलाच नाही आणि मी सारखी चोळी वर ओढत राहिले. तुमच्या गाऊनला पट्टा आहे का विचारा. नसेल तर घालून मिळतो, फारसं अवघड काम नाही.

ऑफ-शोल्डरमध्ये हात डोक्याच्या वर जात नाहीत. नाचायचं असेल, मिठ्या मारायच्या असतील, तर दुकानातच दोन्ही हात वर करून बघा.

दंडांची लाज वाटते म्हणून बाह्या घेणार असाल तर कोपराच्या वर, दंडाच्या सर्वांत भरलेल्या जागी संपणारी बाही घेऊ नका. कड तिथेच येते. कोपराच्या खाली किंवा मनगटापर्यंत न्या. जाळीच्या बाह्यांत त्वचेचा रंग जुळतो का ते उजेडात बघा. दुकानातली "नग्न" रंगाची जाळी सगळ्यांच्या त्वचेची नसते. दुसऱ्या छटेची मागा. मिळते.

६. कापड

जाड, ताठ कापडं (डचेस साटीन, मिकाडो) स्वतःचा आकार धरतात. अंगाचे बारीक चढउतार त्यांत विरून जातात, म्हणून भरलेल्या बांध्याला ती मित्रासारखी. क्रेप मंद, वजनदार, अंगासरशी पडतो. शिफॉन आणि ट्यूल हलके. उन्हाळ्यात, उघड्यावर बरे. ऑर्गन्झा हलकाच, पण ताठ. पातळ चमकदार साटीनवर फ्लॅश पडला की प्रत्येक सुरकुती पांढरी रेघ होऊन फोटोत येते. ट्रायल रूममध्ये एक फोटो मुद्दाम फ्लॅश मारून काढा.

चुरगळण्याचा प्रश्न किरकोळ समजू नका. १९८१मध्ये डायानाच्या लग्नात सिल्क टाफेटाचा गाऊन आणि पंचवीस फुटांचा मागचा सोगा काचेच्या बग्गीत कोंबला गेला, आणि ती उतरली तेव्हाच्या सुरकुत्या साऱ्या जगानं पाहिल्या. तिच्या मदतीला गाऊन बनवणारे खुद्द हजर होते. तुमच्या मदतीला मावशी असेल. म्हणून कापडाची कड मुठीत घट्ट धरा, दहा आकडे मोजा, सोडा, बघा. दुकानदाराला आधी विचारा म्हणजे झालं.

रंगाचं थोडक्यात. पांढरा म्हणजे एकच पांढरा नाही. शुभ्र पांढरा बहुतेक पॉलिएस्टरमध्येच मिळतो. नैसर्गिक रेशीम किंचित दुधाळ असतं. मग आयव्हरी, मग शॅम्पेन. पिवळसर दिव्यांत सगळेच छान दिसतात, म्हणून कापडाचा तुकडा खिडकीशी नेऊन गालाला लावा. चेहरा फिका पडला तर ती छटा नको. आणि पांढराच हवा असं कुठे लिहिलंय? राणी व्हिक्टोरियानं १८४०मध्ये पांढरा घातला आणि ती चाल पसरली. त्याआधी नवऱ्या मुली आपला सर्वांत चांगला पोशाख घालत, रंग कुठलाही.

७. ट्रायलचा दिवस

दोनच माणसं न्या. मी पाच नेली होती. पाच जणींची सहा मतं झाली, आणि अबोल्याची गोष्ट तिथलीच. एक अशी न्या जी तोंडावर खरं बोलते, आणि एक जी फोटो नीट काढते.

एका दिवशी सहाच्या वर गाऊन घालू नका. त्यापुढे डोळे शिणतात आणि सगळे सारखेच दिसायला लागतात. पोटभर जेवून जा. उपाशीपोटी बसलेला गाऊन लग्नाच्या दिवशी जेवल्यावर बसेलच असं नाही.

आता सर्वांत मोठा सापळा. नमुन्याचा गाऊन तुम्हाला मोठा होत असेल तर दुकानातली माणसं पाठीमागे मोठे चिमटे लावून तो आवळतात. समोरून सगळं जागच्या जागी. तुम्हाला दिसतं ते गाऊनचं फिटिंग नसतं, चिमट्यांचं असतं. माझ्या पाचव्या गाऊनला मागे सात चिमटे होते, मी मोजले, कारण बहिणीनं पाठीचा फोटो काढला. चिमटे लावणं ही फसवणूक नाही, त्याशिवाय अंदाज येणार नाही. पण चिमटे कुठे लावलेत ते बघा. पाठीत सरळ रेषेत असतील तर ठीक, तो फक्त साइझचा प्रश्न. खांद्यावर आणि नितंबांखालीही असतील तर तो आकारच तुमच्यासाठी नाही. आणि गाऊन लहान होत असेल तर मागे उघडा ठेवून नुसता पुढून धरतात. त्यावरून निर्णय घेऊ नका.

आरशासमोर उभं राहणं पुरे झालं की हे करा: खुर्चीवर बसा, पाच मिनिटं. बसून पाण्याचा ग्लास उचला. दोन पायऱ्या चढा, उतरा. मागे वळून बघा. कोणाला तरी घट्ट मिठी मारा. खोल श्वास घ्या. यातलं एकही जमलं नाही तर ते फिटिंगनं सुटेल का, ते शिवणाऱ्या माणसाला विचारा, विकणाऱ्याला नको.

पाठीकडून बघायला विसरू नका. समारंभात बराच वेळ लोक तुमची पाठच बघणार आहेत.

८. ऑर्डर

ऑर्डरवर शिवून येणाऱ्या गाऊनला साधारण चार ते आठ महिने लागतात. त्यापुढे फिटिंग. म्हणून शोध लग्नाच्या नऊ ते बारा महिने आधी सुरू करा. वेळ कमी असेल तर तयार किंवा नमुन्याचाच गाऊन घ्या; त्याला लाज नाही, फक्त काखेतले डाग, उसवलेले मणी आणि खालच्या कडेची मळ तपासा.

पैसे देण्याआधी पावतीवर हे लिहून घ्या: मॉडेलचा नंबर, रंगाचं नेमकं नाव, साइझ, तुमची मापं, सांगितलेले बदल, दिलेली आणि उरलेली रक्कम, गाऊन येण्याची तारीख, उशीर झाल्यास काय, रद्द केल्यास काय, फिटिंग धरलंय की वेगळं. माझ्या पावतीवर "आयव्हरी" एवढंच होतं. गाऊन आला तो वरून आयव्हरी आणि अस्तर शॅम्पेन. मला नंतर तो आवडला हे नशीब, कारण भांडायला कागद नव्हता.

येण्याची तारीख लग्नाच्या निदान दोन महिने आधीची ठेवा.

९. फिटिंग

दोन ते तीन फेऱ्या लागतात. पहिली लग्नाच्या सहा ते आठ आठवडे आधी, शेवटची एक-दोन आठवडे आधी. प्रत्येक फेरीला तेच बूट, तीच अंतर्वस्त्रं. टाच अर्ध्या इंचानं बदलली तर खालची कड एकतर लोळते नाहीतर तरंगते. पुढची कड जमिनीपासून साधारण अर्धा इंच वर हवी, बुटाचं टोक जेमतेम शिवेल अशी.

सहज होणारी कामं: बाजूनं आत घेणं, खांद्याचे पट्टे आखूड करणं, कप बसवणं, साधी कड वर घेणं. वेळखाऊ: कडेला लेस असेल तर ती सोडवून, कापड आखूड करून पुन्हा हातानं लावावी लागते. शिवणीवर मणी असतील तर ते काढून पुन्हा ओवतात. फारसं न होणारं: दोन साइझ मोठं करणं, खोल गळा वर आणणं, ए-लाइनचा मर्मेड करणं. "होईल ना" असं विकणारे म्हणाले तर शिवणाऱ्याकडून खात्री करा.

मागे सोगा असेल तर तो वर अडकवायची सोय (इंग्रजीत तिला ‘बसल’ म्हणतात) करून घ्या. एकतर सोगा वरून उचलून बाहेरच्या बटणांना अडकवतात, नाहीतर आतून दोऱ्या बांधून खाली दुमडतात. दुसरा प्रकार दिसायला जास्त सुबक, पण बांधणाऱ्याला घेराखाली शिरावं लागतं. शेवटच्या फेरीला बांधणारीला घेऊन जा आणि व्हिडिओ काढा. दोऱ्यांना रंगीत खुणा करून घ्या, लाल लालला, निळी निळीला. माझ्या बहिणीनं व्हिडिओ काढला नव्हता आणि ती घेराखाली पंचवीस मिनिटं होती. आतून तिचा आवाज येत होता.

१०. त्या दिवशीची पिशवी

सेफ्टी पिना, सुई आणि गाऊनच्या रंगाचा दोरा, छोटी कात्री, पांढरा खडू (डाग पुसला गेला नाही तर वरून फिरवायला), दोन बाजूंनी चिकटणारी टेप. आणि क्रोशाची सुई. पाठीला फासातली बारीक बटणं असतील तर बोटांनी लावायला अर्धा तास जातो. क्रोशाच्या सुईनं फास ओढून घेतला की पाच-सहा मिनिटांत रांग संपते.

गाऊन खांद्याच्या पट्ट्यांवर टांगू नका, आत शिवलेल्या रिबिनीच्या फासांवर टांगा. इस्त्री नको, वाफ द्या, आणि तीही आधी आतल्या बाजूनं.

घेरदार गाऊन असेल तर आदल्या दिवशी घरी एकदा पूर्ण गाऊन घालून बाथरूमला जाऊन बघा. घेर कोण धरणार, कुठून उचलणार, दारातून आत जाताना आडवं व्हायचं की पाठीनं, हे सगळं ठरवून ठेवा. मी ठरवलं नव्हतं, म्हणून दिवसभर पाणी प्यायले नाही आणि संध्याकाळी डोकं दुखलं.